साहेब येणार म्हणून उपसलेलं बावखल

पर्यावरण नियोजन हा विषय मी काही आवडीने घेतला नाही. मला बी.एड. करून आमच्या निर्मळ गावाच्या आसपास एखाद्या शाळेत चिकटायचं होतं. दुपारी घरी येऊन गरम जेवता आलं पाहिजे, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पण माझं बी.ए. संपत आलं त्याच सुमारास आमच्या भागाच्या विकास आराखड्याचा नकाशा प्रसिद्ध झाला, आणि बाबांचं डोकं फिरलं.

नकाशात आमच्या वाडीच्या मधोमध एक रुंद रस्ता काढलेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळा रंग. पिवळा म्हणजे इमारती, हे कार्यालयातल्या शिपायाने बाबांना सांगितलं. तो रस्ता बरोब्बर आमच्या बावखलावरून जात होता. बाबांनी नकाशाची झेरॉक्स घरी आणली, ओटीवर पसरली, चारी कोपऱ्यांवर नारळ ठेवले आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर वाकून बसले. चष्मा वर, चष्मा खाली. शेवटी म्हणाले, "इथे पाणी आहे आपलं. ह्यांना दिसलंच नाही?"

बावखल म्हणजे काय ते आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. वाडीतला एक मोठा खोलगट खड्डा, पिढ्यान्‌पिढ्या खोदत, उपसत आलेला. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि जमिनीत मुरतं. समुद्र इतका जवळ, तरी आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात त्या ह्याच्या जिवावर. आमचं बावखल तीन घरांचं होतं. आमचं, बाबांच्या चुलतभावाचं म्हणजे काकांचं, आणि पलीकडच्या ख्रिस्ती मावशींचं. त्याच्यावर केळी, मोगरा, पानवेली आणि आम्ही सगळे जगत होतो. सातबाऱ्यावर मात्र त्या जागेची नोंद पोटखराबा अशी. जिथे पीक येत नाही ती खराब जमीन. आजोबा-पणजोबांनी ते कधी बदलून घेतलं नाही, कारण खराब जमिनीला सारा नाही. सगळ्या गावाने तेच केलं होतं. हुशारीच होती ती, आणि ती आमच्या अंगाशी आली.

"आपल्या घरात त्यांच्या भाषेत बोलणारं एक माणूस पाहिजे," बाबा मला म्हणाले. "बाय, तू शीक ते. आपलं बावखल वाचलं पाहिजे."

"बाबा, दोन वर्षांत मी शिकेपर्यंत रस्ता झालेला असेल."

"सरकारचं काम आहे ते. तू शिकून, लग्न होऊन, पोरंबाळं होऊनसुद्धा सुरू झालेलं नसेल."

तेवढं मात्र त्यांचं जवळजवळ खरं ठरलं.

आमच्या घरात आम्ही आमची वाडीतली बोली बोलतो. इथे मी ती लिहीत नाही. कागदावर उतरली की ती नाटकातल्यासारखी वाटते, आणि बाबांचं कुणी हसं केलेलं मला चालत नाही.

तर मी गेले विद्यापीठात. जाण्यायेण्याचं रडगाणं मी गाणार नाही, ते आमच्याकडच्या प्रत्येकाने गाऊन झालंय. एवढंच सांगते की त्या दोन वर्षांत मी कायम दमलेली होते. पहाटे आईबरोबर मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, कारण फुलं पहिल्या गाडीने दादरला गेली नाहीत तर ती कुणाच्या कामाची नसतात. मग आंघोळ, एसटी, पुढचं सगळं, आणि अकरा वाजता पंख्याखाली बसून शाश्वत विकासाच्या व्याख्या उतरवून घ्यायच्या. डोळे मिटायचे. बोटांना मोगऱ्याचा वास आणि समोर पडद्यावर सरांची बारीक अक्षरं.

नातेवाइकांची वेगळीच तऱ्हा. "पर्यावरण म्हणजे काय, झाडं लावायची? मग त्यासाठी मुंबईला कशाला जायला पाहिजे?" असं काकी प्रत्येक लग्नात विचारायच्या, आणि दर वेळी नव्याने हसायच्या. मी सुरुवातीला समजावून सांगायचे. नंतर नंतर "हो, झाडंच लावायची" म्हणून जिलबी उचलायला लागले.

वर्गातली मुलं चांगली होती, पण बहुतेकांना नोकरी हवी होती किंवा परदेश हवा होता. पाणी हा त्यांच्यासाठी अभ्यासक्रमातला तिसरा घटक. सर वाईट नव्हते. मी प्रबंधासाठी बावखल हा विषय मागितला तेव्हा ते खूशच झाले. "छान, पारंपरिक जलव्यवस्था! स्थानिक लोकांचा सहभाग दाखवा." मी म्हटलं, "सर, स्थानिक लोक म्हणजे माझे बाबा." ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

आणि सहभाग म्हणाल तर तो तेव्हा आटत चालला होता. पूर्वी दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, तिन्ही घरं मिळून बावखलाचा गाळ काढायची. तळाला उरलेलं पाणी उपसून केळींना द्यायचं, मासे वाटून घ्यायचे, आणि मग काळाभोर गाळ घमेल्यांनी वर. तो झाडांच्या बुंध्याशी टाकला की वर्षभर दुसरं खत नको. दुपारी सगळे एकत्र जेवायचे, तांदळाची भाकरी, सुकट आणि कैरी. पण काकांच्या मुलांनी बोअर मारली, मावशींची मुलं आखातात गेली, आणि गाळ काढायला हळूहळू बाबा आणि दोन गडी एवढेच उरले. काका तर उघडच म्हणायला लागले होते, "बुजवून टाकू या रे. डास होतात." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. बावखल बुजलं तर बाबांचं काय होईल, ते मला त्या दिवशी कळलं. आईने ताट झाकून ठेवलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू विद्यापीठातून काही औषध घेऊन येणार होते मी.

दुसऱ्या वर्षी हरकतींच्या सुनावण्या सुरू झाल्या. आमची हरकत मीच लिहिली होती, त्यांच्याच भाषेत. भूजल पुनर्भरण, खाऱ्या पाण्याची घुसखोरी, पाणलोट. सुनावणीच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. टेबलामागे एक मध्यमवयीन साहेब होते, घाम पुसत, त्यांच्या मागे फायलींचा डोंगर. ते आमच्याइतकेच दमलेले दिसत होते. माझं बोलणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं. मग म्हणाले, "कागदावर तर ही खराब जमीन आहे. पण तुम्ही म्हणता तिथे जलसाठा आहे."

"बारमाही," मी म्हटलं. "मे महिन्यातसुद्धा तळाला पाणी असतं."

"मग मे महिन्यातच येऊन बघतो. पाणी दिसलं, तर रस्ता सरकवण्याची शिफारस करतो मी."

बाहेर आल्यावर बाबांनी मला उसाचा रस पाजला. मग एसटीत बसल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत सुटले, "माझी मुलगी आहे. साहेबाला गप्प बसवलं तिने." मी खिडकीबाहेर बघत राहिले. लाज वाटत होती आणि भयंकर आनंद होत होता. त्या दोन वर्षांत मला दमल्यासारखं वाटलं नाही असा तो एकच दिवस.

पाहणीची तारीख आली मेच्या मध्यात. नेमकी तेव्हाच आमची अभ्यास सहल होती, राजस्थानला, पारंपरिक जलव्यवस्था बघायला. मे महिन्यात राजस्थानला कोण नेतं? आमचं खातं नेतं, कारण तेव्हा धर्मशाळा रिकाम्या असतात. सहलीला गुण होते, चुकवता येत नव्हती. पण आम्ही पाहणीच्या दिवशी सकाळी परत पोचणार होतो आणि साहेब दुपारी येणार होते, म्हणून मी निर्धास्त गेले. तिथे उन्हात उभी राहून मी दुसऱ्यांच्या पायऱ्यांच्या विहिरी बघितल्या, टिपणं काढली, आणि वर्गाला आमच्या बावखलाबद्दल इतकं सांगितलं की मैत्रिणी म्हणाल्या, "बास कर बाई, आता ते स्वप्नात येईल."

परतीच्या प्रवासात झोप झाली नव्हती. पाठीवर पिशवी, तोंडावर धूळ, तशी मी गल्लीत वळले, आणि आमच्या फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण दिसलं. आत माणसंच माणसं. काकांची मुलं, हातांवर चिखल वाळलेला. मावशी लाल लुगड्यात, सरबताचा टोप ढवळत. मावशींचा धाकटा मुलगासुद्धा सुट्टीवर आला होता, तोही पाय धूत बसलेला. कित्येक वर्षांत ही सगळी माणसं एकत्र दिसली नव्हती. आई धावत आली. "तू नव्हतीस, मजा हुकली तुझी! काल, परवा, सगळं गाव लागलं होतं कामाला. काकासुद्धा उतरले आत!"

"कशात उतरले?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

बावखल उपसलेलं होतं. तळापर्यंत. गाळ काढून, तळ झाडून, कडेचं गवत कापून, पायऱ्या घासून लख्ख केलेल्या. काठाला चुना मारला होता. वरच्या पायरीवर माझ्या चुलतबहिणीने रांगोळी काढली होती, तिच्यात निळ्या रंगाने लाटा. सपाट, स्वच्छ, कोरडा खड्डा. उन्हात तळाला भेगा पडायला लागल्या होत्या.

बाबा काठावर उभे होते. तोंडावर असं समाधान की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं. "साहेब पहिल्यांदा आपल्या दारी येणार. शेवाळ, गाळ, घाण दाखवायची काय त्यांना? मी सगळ्यांना सांगितलं, यंदा गाळ आधी काढू. आणि आले बघ सगळे. एका शब्दावर आले."

घरी पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे भांडीसुद्धा नव्याने घासतात. ह्यात कुणाचं काय चुकलं? मी त्यांना साहेब येणार एवढं सांगितलं होतं. साहेब पाणी बघायला येणार, हेही सांगितलं होतं; बाबांनी तर ते साहेबांच्याच तोंडून ऐकलं होतं. पण पाणी तर आहेच, पावसाळ्यात येतंच, त्यात बघायचं काय, असं बाबांना वाटलं. पाणी खरं की खोटं हा कुणाला प्रश्न पडू शकतो, हेच त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्यांना वाटलं, साहेब बघायला येतायत ते आम्ही बावखल कसं ठेवतो ते.

मी "छान दिसतंय, बाबा" म्हटलं आणि मागच्या बाजूला जाऊन मोटर बघितली. विहिरीचं पाणी सोडून निदान तळ तरी झाकता येईल का? मोटर चालू केली, पाइप टाकला. कोरड्या जमिनीने ते पाणी असं पिऊन टाकलं की ओलसुद्धा नीट राहिली नाही. मग लाइट गेली. आमच्याकडे मे महिन्यात लाइट दुपारी जाते, ते नवीन नव्हतं. मी मोटरीजवळच्या दगडावर बसले. रडायला पण आलं नाही, इतकी दमले होते.

साहेब जीपने आले. बाबांनी हार घातला. सरबत झालं, केळी झाली, मावशींनी ताडगोळे सोलून दिले. मग साहेब काठावर गेले आणि खाली बघत राहिले.

"पाणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पाणी काढलं, साहेब," बाबा म्हणाले, अगदी हौसेने. "तुम्ही येणार म्हणून."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला सुरुवात केली, गाळ काढायची पद्धत, तीन घरांची पाळी, पुनर्भरण, सगळं. ते ऐकत होते, मानही हलवत होते. म्हणाले, "अहो ताई, मला पटतंय. पण मी लिहू काय? जे दिसलं तेच लिहावं लागतं मला." त्यांच्या बरोबरच्या माणसाने फोटो काढला. फोटोत रांगोळीसुद्धा आली असणार.

जीप गेल्यावर बाबांनी मला बाजूला घेतलं. "काय लिहिणार ते?"

"पाहणीच्या वेळी पाणी आढळलं नाही, असं."

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते त्या चुना मारलेल्या काठावर बसले, आणि त्यांच्या धोतराला मागून पांढरा पट्टा लागला. कुणी सांगितलं नाही त्यांना. तो पट्टा घेऊनच ते रात्रीपर्यंत वावरले.

पाऊस आला तसं बावखल भरलं. भरणारच होतं. त्या वर्षी तर इतका स्वच्छ तळ, पाणी आरशासारखं. एका सकाळी बाबा दिसेनात. दुपारी ओलेचिंब परत आले, काखेत तांब्याची कळशी, रिकामी. बावखलाचं पाणी भरून, तोंडाला केळीचं पान बांधून, एसटीने थेट कार्यालयात गेले होते. आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना सांगितलं, "काका, पाणी इथे घेता येत नाही, अर्ज द्या." मग साहेबच बाहेर आले.

"मग?" मी विचारलं.

"पेला मागवला त्यांनी. प्याले. गोड आहे म्हणाले."

"आणि?"

"अहवाल वर गेलाय म्हणाले." बाबांनी कळशी पालथी घातली. "माणूस चांगला आहे तो. उरलेलं पाणी त्याने कुंडीतल्या झाडांना घातलं. फेकलं नाही."

प्रबंध मी पूर्ण केला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी लोकसहभागाच्या प्रकरणाचं फार कौतुक केलं. तिन्ही घरं एकत्र येऊन गाळ काढतात त्याचं वर्णन त्यांना जिवंत वाटलं. कशासाठी एकत्र आली होती ते मी लिहिलं नव्हतं. लिहिणार तरी कुठल्या मथळ्याखाली? पदवी मिळाली, चांगल्या श्रेणीत. आराखडाही मंजूर झाला. रस्ता जागचा हलला नाही.

रस्ता यायला पुढे बरीच वर्षं गेली, म्हणजे बाबांचं सरकारबद्दलचं भाकीत खरं ठरलं. माझं लग्न झालं, मुलगी झाली. मग एका उन्हाळ्यात डंपर आले. पाडलेल्या चाळींचा राडारोडा, फुटक्या फरश्या, कमोडचे तुकडे. बावखलाला गिळायला त्यांना आठवडाही लागला नाही. काकांनी आपल्या वाट्याची जमीन बिल्डरला दिली, त्यांना मी दोष देत नाही. मावशी गेल्या. आमची विहीर पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत मचूळ झाली, आणि नंतर खारीच. मोगरा सुकला. आता आई देवापुरती जास्वंद ठेवते, नळाच्या पाण्यावर.

मी नोकरी करते, ह्याच विषयातली. लोकांच्या गावी जाते, पाहणी करते, अहवाल लिहिते. कुठेही गेले की रस्ता झाडलेला असतो, खुर्च्या मांडलेल्या असतात. तसं दिसलं की मी पहिल्यांदा हेच विचारते, "मी येणार म्हणून काय काय काढून ठेवलंत?" माणसं गोंधळतात. माझे सहकारी म्हणतात, मॅडम फार तिरसट आहेत. असेन.

बाबा आता थकलेत. वाडीत जात नाहीत, कारण जायला वाडी फारशी उरलेली नाही. पण मे महिना आला आणि मी माहेरी गेले की एकदा तरी, जेवण झाल्यावर, मला जवळ बसवतात. विचारणं तेच असतं.

"बाय, मी तेव्हा साफ केलं नसतं, तर वाचलं असतं काय गं?"

वाचलं असतं, बाबा. पाणी दिसलं असतं, त्या माणसाने शिफारस केली असती, रस्ता थोडा सरकला असता. मला हे पक्कं माहीत आहे. त्यासाठीच तर शिकले मी.

"नाही हो," मी म्हणते. "तरीही तसंच झालं असतं. त्यांचं आधीच ठरलेलं होतं सगळं. कुणी काहीही केलं असतं, तरी काही उपयोग नव्हता."

ते मान हलवतात. त्यांचा जीव जरा खाली पडतो, मला दिसतं ते. मग अजिबात न दुखावता, खरोखरच कळत नाही म्हणून विचारतात, "मग तुला एवढं शिकवलं ते कशाला, गं?"

दरवर्षी विचारतात. दरवर्षी मी म्हणते, "चुकलंच ते आपलं, बाबा," आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट करते.